थायलंडला इंग्रजी शिकवायला एकटी गेले, तुम्ही जाणार असाल तर वाचा

बी.एड. झालेल्या बऱ्याच मुली मला विचारतात की ताई, थायलंडला इंग्रजी शिकवायला खरंच जाता येतं का, आपल्याला घेतात का, एकटीने गेलं तर सेफ आहे का. फोनवर दर वेळी अर्धंच सांगून होतं म्हणून एकदाच सगळं लिहितेय. मी कराडची, शिवाजी विद्यापीठाची बी.ए. इंग्लिश आणि मग बी.एड., दहावीपर्यंत मराठी मीडियम. इकडे चार वर्षं एका शाळेत शिकवलं आणि २०२३ च्या मे मध्ये नाखोन सवानला गेले. बँकॉकच्या उत्तरेला साधारण २४० किलोमीटर. नाखोन म्हणजे आपलं नगर, सवान म्हणजे स्वर्ग, आणि गावातच पिंग आणि नान या दोन नद्या मिळून चाओ फ्राया सुरू होते. मी पहिल्या रविवारी त्या संगमावर जाऊन बसले, दोन पाण्यांचे दोन रंग शेजारी शेजारी वाहताना दिसत होते, आईला व्हिडिओ कॉल लावला तर ती म्हणाली अगं हा तर आपला प्रीतिसंगमच की, आणि मग दोघी बराच वेळ काहीच बोललो नाही.

असो. आधी "आपल्याला घेतात का" याचं उत्तर. घेतात, पण जाहिराती वाचून मन खट्टू होतं. निम्म्या जाहिरातींत नेटिव्ह स्पीकर पाहिजे असं लिहिलेलं असतं, म्हणजे अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया वगैरे पासपोर्ट. भारतीय पासपोर्ट म्हटलं की तुम्ही नॉन-नेटिव्ह, मग तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असू दे. पगारातही फरक पडतो. मला महिना २५,००० बाथ होते, त्याच शाळेत एका ब्रिटिश सहकाऱ्याला ३८,००० आणि त्याची डिग्री शिक्षणातली नव्हती. मला हे आजही पटत नाही आणि ते चूकच आहे असं मी म्हणेन, पण हे माहीत असून जायचं की नाही ते तुम्ही ठरवा, तिथे पोचल्यावर कळायला नको. शाळेने टोईक (TOEIC) या इंग्रजीच्या परीक्षेत किमान ६०० मागितले होते. ती दोन तासांची असते, २०० प्रश्न, निम्मे ऐकायचे निम्मे वाचायचे, एकूण ९९० मार्कांची. एम.ए., बी.ए. इंग्लिशवाल्यांना जड नाही पण ऐकण्याच्या भागाचा सराव करून जा, ऑडिओ एकदाच वाजतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मला सगळ्यात आधी जो एजंट भेटला तो म्हणाला मॅडम तुम्ही टुरिस्ट म्हणून या, कागद आपण इथे आल्यावर करू. नोव्हेंबर २०२३ पासून तर भारतीयांना फिरायला जाताना आधी व्हिसा काढावा लागेनासा झाला, त्यामुळे हे "नुसतं या" आता अजूनच सोपं वाटतं. असं जाऊ नका. टुरिस्ट म्हणून जाऊन वर्गात उभं राहिलात तर ते बेकायदेशीर काम आहे, पकडलं तर दंड तुम्हाला, परत पाठवतात तुम्हाला, आणि पगार बुडाला तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार. आणि याहून वाईट पण आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर सूचना काढली होती की थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली पोरांना सीमा ओलांडून म्यानमारमध्ये नेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतात. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेच्या वर भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी म्यानमारच्या सीमेवरच्या माए सोत या थाई गावाहून परत आणलं. त्यातली बरीच जण चांगली शिकलेली होती. म्हणून ऑफर आली की शाळेचं नाव मॅपवर बघा, शाळेच्या स्वतःच्या नंबरवर फोन करा, व्हिडिओ कॉलवर वर्ग दाखवा म्हणा, काँट्रॅक्टवर शाळेचा शिक्का बघा. खरी शाळा याचा राग मानत नाही. माझ्या शाळेने तर इंटरव्ह्यू झाल्यावर स्वतःहून कॅम्पस फिरवून दाखवला.

कागदांचा क्रम असा असतो. डिग्री आणि मार्कशीट आधी विद्यापीठाकडून पडताळून घ्यायची, मग मुंबईत राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग थाई वकिलातीचा. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट ऑफिसमधून. या सगळ्याला दोन-अडीच महिने धरा, मधे दिवाळी किंवा परीक्षा आल्या तर जास्तच. तुमच्या पासपोर्टवर ईसीआर शिक्का (म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जायच्या आधी आपल्या सरकारची परवानगी लागते) आहे का तेही आत्ताच बघा, थायलंड त्या यादीतला देश आहे, दहावी पास असाल तर नॉन-ईसीआर करून मिळतो पण तो अर्ज वेळेत टाकायला पाहिजे. मग शाळा तिकडून पत्रं पाठवते, त्यावर नॉन-इमिग्रंट बी म्हणजे नोकरीचा व्हिसा निघतो. २०२५ पासून हा अर्ज ऑनलाइन भरतात. हा व्हिसा ९० दिवसांचा असतो, आणि त्या ९० दिवसांत शाळेने खुरुसाफा म्हणजे तिथल्या शिक्षक परिषदेची परवानगी आणि वर्क परमिट काढून इमिग्रेशनमधून तुमचा मुक्काम वर्षभर वाढवून घ्यायचा. त्या वाढीची फी १,९०० बाथ, ती शाळा भरणार की तुम्ही हे काँट्रॅक्टमध्ये लिहून घ्या.

एक गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे री-एंट्री परमिट. वर्षभराची मुदत मिळाली म्हणून खुशाल भावाच्या लग्नाला भारतात आलात आणि निघताना हे परमिट काढलं नसेल तर ती वाढीव मुदत तिथेच संपते, परत पहिल्यापासून सगळं. एका वेळचं १,००० बाथ, कितीही वेळचं ३,८००. माझ्याबरोबरच्या एका फिलिपिनो शिक्षिकेचं असंच झालं, आजारी वडिलांना बघायला घाईघाईत गेली बिचारी आणि परत यायला तिला दोन महिने लागले. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा असतो तो पण विसरू नका, उशीर झाला तर २,००० बाथ दंड.

पैशाचं थोडक्यात. पहिला पगार महिनाअखेरीला, आणि बँक खातं वर्क परमिट आल्यावरच उघडलं त्यामुळे सुरुवातीला मला रोख मिळाला. खोली ४,५०० बाथ, वर दोन महिन्यांचं डिपॉझिट, लाइट बिल घरमालक युनिटप्रमाणे वेगळं घेतो आणि एसी लावला की ते फुगतं. घरून निघताना लाखभर रुपये तरी हाताशी ठेवा, उसने घेऊन जाऊ नका, कारण पहिले तीन महिने शिल्लक पडत नाही. नंतर मी महिन्याला सात-आठ हजार बाथ मागे टाकू शकले, माझ्या वेळच्या रेटने म्हणजे सोळा ते एकोणीस हजार रुपये. श्रीमंत व्हायला म्हणून जाणार असाल तर हा रस्ता नाही.

आता वर्ग, ज्याच्यासाठी मी गेले. सकाळी साडेसातला गेटवर ड्यूटी, आत येणारं प्रत्येक पोर हात जोडून वाय म्हणजे नमस्कार करतं. आठला झेंडा आणि राष्ट्रगीत. मग वर्ग, माझ्याकडे मत्थयोम १ ते ३, म्हणजे आपली सातवी ते नववी. मत्थयोम म्हणजे मध्यम, प्राथमिकला प्रथोम म्हणतात, कॉलेजच्या सरांना आचान म्हणजे आचार्य, आणि शिक्षकाला ख्रू म्हणजे गुरू. पहिल्या आठवड्यात हे शब्द उलगडत गेले तसं मला वाटलं की मी फार लांब आलेली नाहीये. थाई अक्षरांचा क्रमसुद्धा क-ख पासून सुरू होऊन म पर्यंत आपल्या वर्णमालेच्या वाटेने जातो, त्यामुळे लिपी शिका, दीड-दोन महिन्यांत बसचे बोर्ड वाचता येतात. क-ख, प-फ, त-थ हे फरक त्यांच्या भाषेत आहेत आणि आपल्या कानाला ते आपोआप कळतात, अमेरिकन सहकाऱ्यांना तिथे झगडावं लागायचं. सूर मात्र पाच आहेत आणि ते सवयीनेच येतात.

वर्गात बेचाळीस मुलं. आत गेलं की सगळे उभे राहून एका सुरात गुड मॉर्निंग टीचर म्हणणार, हाऊ आर यू विचारलं की एका दमात आय एम फाइन थँक यू अँड यू. त्याच्या पुढे शांतता. पहिले दोन आठवडे मी ऐकलेल्या सगळ्या युक्त्या वापरल्या, गेम, फ्लॅशकार्ड, गाणी. मुलं हसायची, खेळायची, पण तोंडातून वाक्य येईना. मला कोणीतरी आधी सांगून ठेवलं होतं की इंग्रजी ही तुझी मातृभाषा नाही, तू पण ती शाळेतच शिकलीस हे मुलांना कळू देऊ नको, पालक नाराज होतात. तिसऱ्या आठवड्यात मी ते सोडून दिलं. फळ्यावर देवनागरीत माझं नाव लिहिलं, म्हटलं ही माझी भाषा, मी पाचवीत होते तेव्हा मला पण "शी गो" आणि "शी गोज" मधला फरक कळत नव्हता, मी पण वर्गात मान खाली घालून बसायचे. सहकारी शिक्षिकेने ते थाईमध्ये सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका मुलाने, वर्गात ज्याला सगळे बँक म्हणायचे (तिथे टोपणनावं अशीच असतात, आईस, फर्न, बँक), त्याने हात वर करून विचारलं, टीचर, यू अफ्रेड? म्हटलं येस, व्हेरी अफ्रेड. त्या दिवसापासून तो वर्ग बोलायला लागला.

याचं कारण मला नंतर समजलं. थाईमध्ये क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, अनेकवचनाला शेपूट लागत नाही, आणि शब्दाच्या शेवटचा स तोंडातून निघतच नाही, त्याचा त होतो नाहीतर गळून जातो. म्हणजे "शी गोज" मधला शेवटचा आवाज मुलाला ऐकूच येत नाही, चूक व्याकरणाची वाटते पण आहे कानाची. ज्याची मातृभाषाच इंग्रजी आहे त्याला ही अडचण दिसायला वेळ लागतो, आपण त्या वाटेने गेलेलो असतो म्हणून पटकन दिसते. मी रोज पाच मिनिटं फक्त शेवटच्या आवाजाला द्यायचे, सापासारखा लांब स्स. आणि व्ही-डब्ल्यूचा घोळ तर आपलाही आहेच, मराठीत दोन्हीला एकच व. तिथे मी मुलांबरोबर स्वतः सराव केला, वरचे दात खालच्या ओठावर ठेवून, आरशात बघून. माझे व्हेरी आणि वेट त्यांच्याबरोबरच सुधारले. ट आणि ड आपण जीभ मागे वळवून बोलतो, तेवढं मात्र जायच्या आधी रेकॉर्डिंग करून स्वतः ऐका.

एक चूक माझ्याकडून झाली ती तुम्ही करू नका. वह्या तपासताना एका मुलीचं नाव मी लाल पेनाने लिहिलं. ती रडायलाच लागली. तिथे लाल शाईतलं नाव मेलेल्या माणसाचं मानतात, मला खरंच माहीत नव्हतं, मी तिची माफी मागितली आणि नवी वही आणून निळ्या पेनाने नाव घालून दिली. तसंच कौतुकाने मुलांच्या डोक्यावर हात ठेवायची आपली सवय तिथे नको, आणि पाय कोणाकडे करायचे नाहीत. रागावून आवाज चढवला तर वर्ग शांत होतो पण नंतर तुमच्याशी बोलत नाही.

जूनमध्ये वाय ख्रू होतं, आपल्या गुरुपौर्णिमेसारखं. मुलं गुडघ्यावर चालत येऊन फुलांचं तबक देतात. त्यात इक्झोराची फुलं, वांग्याचं फूल आणि गवत असतं. गवत हातात घेऊन बघितलं तर दूर्वा. त्यांच्याकडे त्याचा अर्थ असा की दूर्वा जशी भराभर पसरते तशी विद्या वाढो. शाळेत पाली श्लोक चालला होता आणि मी तबक धरून उभी होते, डोळे भरून आले होते, शेजारच्या ख्रूने न बोलता रुमाल दिला.

एकटं राहण्याचं काय, तर संध्याकाळी सहा ते आठ हा वेळ जड जातो, विशेषतः पावसात. घरी तेव्हा साडेचार-साडेसहा वाजलेले असतात, सगळे कामात, फोन लागत नाही. मी तो वेळ बाजाराला दिला. शाकाहारी असाल तर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात "जे" लिहिलेली दुकानं शोधा, तिथे अंडं, लसूण, कांदासुद्धा नसतो. बाकी ठिकाणी "माय साय नाम प्ला", माशाचा सॉस घालू नका, एवढं पाठ करा, कारण नुसत्या भाजीतही तो असतो. तूरडाळ बँकॉकच्या फाहुरातमध्ये मिळते, गोडा मसाला आणि मेतकूट घरूनच न्या. प्यायचं पाणी कोपऱ्यावरच्या मशीनमध्ये १ बाथ टाकून भरतात. सेफ्टीबद्दल सांगायचं तर रात्री नऊला सायकलने घरी येताना मला भीती वाटली नाही, मोटरसायकलची मात्र वाटते, लायसन्सशिवाय चालवू नका आणि हेल्मेटशिवाय मागे सुद्धा बसू नका.

मे चं सत्र धरायचं असेल तर डिसेंबरात विद्यापीठात पडताळणीचा अर्ज टाका, जानेवारीत टोईक द्या, शाळांना फेब्रुवारी-मार्चमध्ये मेल करा, तेव्हा त्यांचं वर्ष संपत असतं आणि जागा कळतात. डेमो लेसनला पंधरा मिनिटं देतात, त्यात तुम्ही कमी बोला, समोरच्याला बोलायला लावा. माझ्या डेमोला मी पावसावर प्रश्न विचारले होते, आणि स्क्रीनवरची हेडमिस्ट्रेस स्वतःच्या गावच्या पुराबद्दल सांगत बसली ती वेळ संपेपर्यंत.