अंगणवाडीबद्दल आयांचं खरं मत कसं काढायचं

'अंगणवाडी कशी चाललीय?' असं विचारलं की बहुतेक बाया 'चांगली चाललीय की' म्हणतात, फॉर्मवर टिक पडते आणि विषय संपतो. त्यांचं काही चुकत नाही हो, सेविकाताई त्याच गल्लीतली, कुणाची जाऊ नाहीतर कुणाची नणंद, तिच्या तोंडावर कोण वाकडं बोलणार? म्हणून आधी एवढं करा की वही-पेन सेविकेच्या हातात नको आणि तिच्यावर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेच्याही नको. दुसऱ्या वाडीवरची बचत गटातली बाई किंवा कॉलेजला जाणारी मुलगी चालेल. पण घरोघर फिरायच्या आधी सेविकेला भेटा आणि ही तुमची चौकशी नाहीये हे नीट सांगा, तिच्यामागं आधीच पोषण ट्रॅकर या मोबाइल अ‍ॅपमधल्या एंट्र्या, वजनं, सर्व्हे, त्यात आपण भर घालतोय असं तिला वाटायला नको.

मग मुद्दा येतो प्रश्नांचा. मत विचारू नका, काय घडलं ते विचारा. 'आहार वेळेवर मिळतो का'ला उत्तर 'हो'च येणार, त्याऐवजी 'घरी न्यायला देतात ते आहाराचं मागचं पाकीट कधी मिळालं, घरात असेल तर दाखवता का' असं विचारा. पाकीट हातात आलं की तारीख दिसते, फोडलंय की तसंच पडलंय ते कळतं, आणि मग बाई आपणहून बोलायला लागते की पोरगं एक घास घेऊन थुंकतं, मग घरातली मोठी माणसं खातात नाहीतर शेळीला जातं. हे ऐकून चेहरा पाडू नका आणि उपदेश तर अजिबात करू नका, नाहीतर पुढचं सगळं बंद. उलट विचारा, शिजवता कसं, गूळ घालून दिलं तर खातो का? 6 महिने ते 6 वर्षांच्या मुलाला दिवसाला ठरावीक कॅलरी आणि प्रोटीन मिळावं असा नियम आहे, पण वाटप झालं हे रजिस्टर सांगतं, पोटात गेलं का हे आईच सांगणार.

वजनाचंही असंच विचारा. शेवटचं वजन किती भरलं, दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी कुठल्या रंगावर आली? साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली म्हणजे लाल, तीव्र कुपोषण, आणि हे त्या आईलाच माहीत नसेल तर यापेक्षा मोठी तक्रार कुठली असणार!

3 वर्षांवरच्या मुलांना गरम ताजा आहार असतो, त्यांना फॉर्म काय विचारणार, जेवणाच्या वेळेला जाऊन बसा आणि ताटात काय उरतं ते बघा.

घरं निवडताना पालकसभेला नेमानं येणाऱ्या बाया सोडून जरा लांबच्या बघा. मजुरीला जाणाऱ्या संध्याकाळीच भेटतात, आणि बीडसारख्या भागात दसरा-दिवाळीनंतर निम्मी वस्ती ऊसतोडीला गेलेली असते, मग हिवाळ्यात सर्व्हे केलात तर ज्यांच्या लेकरांना आहाराची सगळ्यात जास्त गरज त्यांचंच ऐकायचं राहतं, त्यांना पावसाळ्यात गाठा नाहीतर साखर कारखान्यावरच्या त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर जा. नाव, आधार नंबर, फोटो काही घेऊ नका, आणि बोललात म्हणून आहार बंद होणार नाही हे स्पष्ट सांगा, कारण ती भीती खरी असते.

जमलेलं सगळं एकाच अर्जात कोंबू नका. उघडायची वेळ, मुलांशी बोलणं हे सेविकेशी बसूनच सुटतं. पाणी, संडास, गळकं छप्पर ग्रामपंचायतीकडे. लसीकरण आणि तपासणी आरोग्य खात्याकडे असते, त्यामुळे ती तक्रार उपकेंद्रात न्या. पाकिटाची चव, पुरवठा, रिक्त जागा हे बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे, लेखी, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते, तिथे हे मांडून ठराव करून घेतला तर अर्जाला वजन येतं, आणि एकट्या बाईचं नावही पुढे येत नाही.

महिनाभरात त्याच घरांत परत जा. वजनकाटा दुरुस्तीला गेलाय, छपराचा ठराव झालाय, पाकिटाचं पत्र दिलंय पण उत्तर आलेलं नाही, जे असेल ते जसंच्या तसं सांगा, आणि पत्राची पोच सोबत ठेवा, बाया बघायला मागतात.