फाउंड्रीतले विभाग एका मापावर कसे आणावेत आणि सकाळची मीटिंग १५ मिनिटांत कशी संपवावी

बेळगावच्या उद्यमबागेत काय नि मच्छेत काय, फाउंड्री (धातूचं ओतकाम) आणि मशीन शॉप (ओतलेल्या नगांवरचं यंत्रकाम) एकाच मालकाची असली तरी दोघांचं पटत नाही. त्यावर उपाय म्हणून मीटिंगा वाढवल्या जातात. कृपा करून वाढवू नका. प्रत्येक विभागाचं काम वेगळ्या मापाने मोजलं जात असेल, तर तासभर बसूनही सगळे आपापलीच बाजू मांडणार.

आधी वर्षाचं धोरण एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ, 'कोअर असलेली, पाच किलोच्या आतली हायड्रॉलिक कास्टिंग्ज तारखेला देणार.' (कोअर म्हणजे कास्टिंगच्या आत पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा.) खाली कोणत्या ऑर्डरी घेणार नाही, तेही लिहा.

मग सगळ्यांसाठी एकच माप ठरवा. खरी कसोटी इथे लागते. फाउंड्री टनांत मोजली जाते, मशीन शॉप नगांत. ४० किलोची ५ काउंटरवेट ओतली की २०० किलो होतात. तीन किलोच्या व्हॉल्व्ह बॉडीचे ६० नग म्हणजे १८० किलो, पण त्यात कोअर बनवा, बसवा, तपासा. टनेजवर शाबासकी मिळत असेल, तर मोल्डिंगचा सुपरवायझर काउंटरवेटच आधी लावणार. त्याला दोष देऊ नका, माप बदला.

माप असं ठेवा: ग्राहकाने मागितलेल्या तारखेला पूर्ण संख्येने गेलेल्या ऑर्डरी. आठवड्यात ४० ऑर्डरी देय होत्या आणि २९ पूर्ण गेल्या, तर ७२.५ टक्के. १०० पैकी ९४ नग गेले, तर ती ऑर्डर चुकली. अर्धे गुण देऊ नका. उरलेल्या सहा नगांसाठीच ग्राहकाची लाइन थांबते.

इथे दोन पळवाटा निघतात. मार्केटिंग ग्राहकाला फोन करून तारीख पुढे ढकलतं आणि तक्त्यात नवीन तारीख टाकतं. मूळ तारखेचा रकाना कुलूपबंद ठेवा, बदललेली तारीख शेजारी लिहा. दुसरी पळवाट ब्लोहोलची, म्हणजे ओतताना वायूमुळे कास्टिंगच्या आत राहिलेल्या छिद्राची. तो मशीनिंगमध्ये उघडतो आणि नग कोणाच्या खात्यावर टाकायचा, यावर सकाळ जाते. तो कोणाच्याच खात्यावर टाकू नका. ऑर्डर सगळ्यांची चुकली, एवढंच बोर्डावर. कारण क्वालिटीच्या वहीत.

कोअरच्या नगांत ओततानाच वाढ धरा. त्या पार्टचं गेल्या तीन महिन्यांचं रिजेक्शन ८ टक्के असेल आणि ६० चांगले नग हवे असतील, तर ६० भागिले ०.९२, म्हणजे ६६ ओता. सरसकट दहा टक्के धरणं चुकीचं, प्रत्येक पार्टचा आकडा वेगळा असतो.

फर्नेसवाल्याचं म्हणणंही ऐका. अर्धी हीट (भट्टीतला एक वितळ) काढली तर किलोमागे वीज जास्त जाते, हे खरंच आहे. म्हणून आधी तुटीचे नग लावा आणि उरलेली हीट त्याच ग्रेडच्या जड कास्टिंगने भरा. एफजी २६० या करड्या बिडाच्या हीटमध्ये एसजीचं, म्हणजे गोल ग्रॅफाइटच्या बिडाचं, काम घुसवता येत नाही, हे मार्केटिंगलाही माहीत असायला हवं.

सकाळची मीटिंग पहिली पाळी लागल्यावर तासाभराने, शॉपमध्येच बोर्डापुढे, उभ्यानेच घ्या. मोल्डिंग, फर्नेस, फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई), मशीन शॉप, क्वालिटी, परचेस, डिस्पॅच, प्रत्येकाचा एकच माणूस, पण जागेवर निर्णय घेऊ शकणारा. विचारायचं एवढंच: आज कोणती ऑर्डर तुटणार, कशामुळे अडली, कोण कधी सोडवणार. तीन मिनिटांत न सुटणारा विषय ज्या दोघांचा असेल त्यांच्यावर सोपवा आणि पुढे चला.

बोलणं मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत, ज्याला जसं जमेल तसं होऊ द्या. बोर्डावर मात्र पार्ट नंबर, नग, तारीख आणि एक नाव, एवढंच. अंक इंग्रजी वापरा. मराठी शाळेतला असो की कन्नड शाळेतला, दोघंही ते न अडखळता वाचतात. ठरलेलं काम ज्याला करायचं आहे त्याच्याच तोंडून एकदा वदवून घ्या. नुसत्या मान डोलावण्यावर विसंबलात की दुपारी 'मला वाटलं ते करणार होते' ऐकावं लागतं. एका कामापुढे दोन नावं तर कधीच नकोत.

आठवड्याची बैठक ४० मिनिटांची ठेवा. चुकलेल्या ऑर्डरी, त्यातलं सगळ्यात मोठं एक कारण, त्यावर एक उपाय. सुरुवातीला आकडा वाईटच दिसतो. त्यावरून मालक कोणाला रागावला, तर पुढच्या आठवड्यापासून तारखा बदलायला लागतील. मालकाने सगळ्यांत शेवटी बोलावं. तो आधी बोलला की बाकीचे फक्त 'होय साहेब' म्हणतात आणि कोअर शॉपमधली खरी अडचण तिथेच राहते.