व्हिएन्नाहून गाडीने वाखाऊला जाताय? आधी मेल्क गाठा

व्हिएन्नाहून एका दिवसात गाडीने कुठे जावं, तर डॅन्यूबकाठचं वाखाऊ खोरं. सकाळी लवकर निघून ए१ महामार्गाने थेट मेल्क गाठा. साधारण तासाभराचा रस्ता. तिथला पिवळाधमक मठ गर्दी व्हायच्या आत पाहून घ्या. मग पूल ओलांडून पलीकडच्या बी३ रस्त्याने क्रेम्सकडे निघा. हीच दिशा धरा, कारण तिकडे गाडी उजवीकडून चालते आणि या दिशेने नदीही उजव्या हातालाच, अगदी रस्त्यालगत राहते.

वाटेत श्पिट्झचा तराफा चुकवू नका. त्याला इंजिन नाही! नदीवर आडव्या बांधलेल्या तारेला धरून, निव्वळ प्रवाहाच्या जोरावर तो गाड्यांसकट पलीकडे जातो. ड्यूर्नश्टाइनला गाडी गावाबाहेरच लावा आणि गल्ल्या पायी हिंडा. जुलैत गेलात तर जर्दाळू घ्याच.

महामार्गासाठी 'विन्येट' (म्हणजे टोलचा पास) लागतं, एक दिवसाचंही मिळतं. भाड्याच्या गाडीवर ते आहे ना, हे चावी घेतानाच विचारा. भारतीय लायसन्स असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधीच आरटीओतून काढून ठेवा. वाइन चाखायची असेल, तर गाडी कोण चालवणार हे सकाळीच ठरवा.