उपदेशक खरा की खोटा, पारखायचं कसं?

मंडळीच्या (चर्चच्या) महिला संगतीत शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास घेताना मला एक प्रश्न हमखास येतो: "ताई, अमक्या पाळकांचे संदेश ऐकू का?" मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. उलट विचारते, "त्यांना तुम्ही कधी काही विचारलंय का? विचारल्यावर काय झालं?" खरा शिक्षक स्वतःला तपासू देतो. खोट्याला तपासणी नको असते, म्हणून तो तपासणाऱ्यालाच पापी ठरवतो. बाकीच्या सगळ्या खुणा मला या एका खुणेजवळ येऊन मिळताना दिसतात.

तेव्हा आधी मनातली भीती काढा. "माझ्या अभिषिक्ताला (देवाने नेमलेल्याला) हात लावू नका" हे वचन ऐकवून कित्येकांची तोंडं बंद केली जातात. ते स्तोत्र १०५ मध्ये आहे. तिथे परक्या देशांत भटकणाऱ्या पूर्वजांना राजांनी इजा करू नये, असा विषय आहे. दावीदाने शौल राजाला अभिषिक्त म्हणून मारलं नाही हेही सांगतात, पण १ शमुवेल २४ पुढे वाचा. तोच दावीद गुहेबाहेर येऊन, सगळ्या सैन्यादेखत, शौलाला जाब विचारतो. इजा करणं वेगळं आणि जाब विचारणं वेगळं. बिरुया गावातल्या लोकांनी तर खुद्द प्रेषित पौलाचा उपदेश दररोज शास्त्राशी ताडून पाहिला (प्रेषितांची कृत्ये १७:११), आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच लिहून ठेवलंय.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. संदेश ऐकायला जाताना वही न्या. सांगितलेलं प्रत्येक वचन अध्याय आणि ओवीसकट लिहून घ्या आणि घरी येऊन तो अख्खा अध्याय वाचा. ती एकच ओवी नव्हे, अध्याय. हे कोण बोलतंय, कोणाला, आधी काय चाललंय, नंतर काय? लूक ४ मध्ये सैतानसुद्धा येशूला स्तोत्र ९१ म्हणून दाखवतो. शास्त्रवचन तोंडात आहे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

दोन उदाहरणं घ्या, कारण ही दोन फार फिरतात. "तुझ्या जिवाची जशी भरभराट तशी सर्व बाबतीत तुझी भरभराट होवो" हे ३ योहान मधलं वाक्य प्रत्येक विश्वासणाऱ्याला श्रीमंतीचं आश्वासन म्हणून विकलं जातं. उघडून पाहा: योहानाने गायस नावाच्या प्रिय मित्राला पत्राच्या सुरुवातीला केलेली ती प्रार्थना आहे. दुसरं मलाखी ३:१०, दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) भांडारात आणा. ही ओवी अर्पणाच्या वेळी सगळ्यांना पाठ असते. त्याच अध्यायाची पाचवी ओवी किती जणांनी व्यासपीठावरून ऐकली आहे? तिथे मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांविरुद्ध, विधवा आणि अनाथ यांना छळणाऱ्यांविरुद्ध देव साक्ष द्यायला उभा आहे. जो उपदेशक दहावी ओवी दर रविवारी वाचतो आणि पाचवी कधीच नाही, त्याच्याबद्दल मला काळजी वाटते.

एका संदेशावरून मत बनवू नका. चार-सहा ऐका, आणि दर वेळी वहीत एकच नोंद करा: शेवटी कोण मोठा झाला? वधस्तंभ, पश्चात्ताप, पापक्षमा, पुनरुत्थान यांबद्दल किती बोलणं झालं आणि बोलणाऱ्याच्या स्वतःच्या दर्शनांबद्दल किती? येशू ख्रिस्त देह धारण करून आला हे जो आत्मा कबूल करतो तो देवाचा, असं योहान सांगतो (१ योहान ४:२). स्वर्गातल्या दूताने जरी वेगळी सुवार्ता सांगितली तरी तो शापित असो, असं पौल गलतीकरांना लिहितो, आणि त्या वाक्यात तो "आम्हीसुद्धा" म्हणून स्वतःलाही धरतो.

चमत्कारांबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. चमत्कार घडला म्हणजे माणूस देवाचा, हे शास्त्र म्हणत नाही. 'अनुवाद' या बायबलमधल्या पुस्तकात, १३ व्या अध्यायात, स्पष्ट आहे: चिन्ह खरं ठरलं तरी ते दाखवणारा दुसऱ्या देवांकडे नेत असेल तर त्याचं ऐकू नका. मत्तय ७ मध्ये "आम्ही तुझ्या नावाने भुते काढली" म्हणणाऱ्यांना प्रभू "मी तुम्हाला कधीच ओळखत नव्हतो" असं सांगतो. आणि अनुवाद १८ दुसरी बाजू धरतं: प्रभूच्या नावाने सांगितलेलं घडलं नाही, तर ते प्रभूचं बोलणं नव्हतं.

यिर्मया २८ वा अध्याय संगतीत आम्ही सावकाश वाचतो. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, याजकांसमोर आणि सगळ्या लोकांसमोर सांगतो की दोन वर्षांच्या आत बाबेलचं जू मोडेल आणि मंदिराची पात्रं परत येतील. लोकांना हेच ऐकायचं होतं. खरा संदेष्टा यिर्मया काय म्हणतो? "आमेन, परमेश्वर असंच करो." त्यालाही ते खरं व्हावं असं वाटत होतं. पण जे त्याला मिळालं नव्हतं ते तो बोलला नाही. हनन्याने यिर्मयाच्या मानेवरचं, बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून घातलेलं लाकडी जू काढून मोडलं, तेव्हाही यिर्मया भांडला नाही, निघून गेला. देवाचं वचन आल्यावरच परत आला. हनन्या त्याच वर्षी मेला, आणि यरुशलेमचा पाडाव टळला नाही. मी बायकांना सांगते, दोघांचा आवाज, दोघांचे शब्द सारखेच होते, दोघेही "परमेश्वर असे म्हणतो" म्हणत होते. फरक थांबण्यात होता. म्हणून कोणी तुमच्याबद्दल भविष्य सांगितलं तर त्याच दिवशी तारखेसह त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. नंतर शब्द हळूहळू बदलतात, आणि कागदावर लिहिलेलं असलं की बदल दिसतो.

प्रभूच्या येण्याची तारीख सांगणाऱ्याचं तर ऐकायचंच नाही. तो दिवस कोणालाही ठाऊक नाही असं मत्तय २४:३६ सांगतं, तेवढं पुरेसं आहे. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या शिकवणीवरून हजारो लोक २२ ऑक्टोबर १८४४ या दिवसाची वाट पाहत बसले आणि तो दिवस तसाच गेला. मिलर यांनी आपला हिशेब चुकल्याचं कबूल केलं, हे मात्र त्यांच्या बाजूने लिहायला हवं. चुकणारा आणि खोटा यांत फरक आहे. प्रेषितांच्या काळातला अपुल्लोस मोठा वक्ता, शास्त्रात निष्णात, तरी त्याला फक्त बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला आपल्याकडे नेऊन नीट समजावलं आणि तो पुढे अधिक उपयोगी पडला. एखाद्या तरुण पाळकाने चुकीचा अर्थ सांगितला म्हणून त्याला खोटा संदेष्टा म्हणत सुटू नका. आधी भेटून दाखवा. तो काय करतो ते पाहा.

औषधांचा विषय निघाला की मी गप्प बसत नाही. संगतीत एक आई पर्समध्ये मुलाच्या फिटच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन आली होती. बाहेरून आलेल्या एका सेवकाने सांगितलं होतं, गोळ्या चालू आहेत म्हणजे विश्वास कच्चा आहे. तिला माझ्याकडून परवानगी हवी होती, गोळ्या द्यायची की थांबवायची तेही तिला कळत नव्हतं. आम्ही दोघींनी दोन ओव्या उघडल्या. पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, त्याच्या पोटासाठी, वारंवार होणाऱ्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो (१ तीमथ्य ५:२३), आणि त्रफिम नावाच्या सोबत्याला आजारी असताना मिलेत इथे सोडून आल्याचं लिहितो (२ तीमथ्य ४:२०). ज्याच्या हातून आजारी बरे झाले त्या पौलाने हे लिहिलंय. तीमथ्याचा किंवा त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं त्याने म्हटलेलं नाही. गोळ्या त्या रात्रीपासून नियमित सुरू राहिल्या. औषध बंद करा म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. इथे चार-सहा संदेश ऐकून ठरवायची गरज नाही.

पैशाचं सांगायचं तर, सेवकाला मानधन देणं योग्यच आहे, सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर उपजीविका करावी असं १ करिंथ ९ मध्ये आहे. पण 'डिडाखे' नावाचं मंडळीचं एक फार जुनं पुस्तक आहे, बहुतेक अभ्यासक ते पहिल्या शतकाच्या अखेरीचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं मानतात. त्याची ग्रीक हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली. त्यात फिरत्या शिक्षकांसाठी अगदी व्यवहारी नियम आहेत. एक दिवस राहावं, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर खोटा. आत्म्यात येऊन "मला पैसे द्या" म्हणाला तर ऐकू नका, पण दुसऱ्या गरजूंसाठी मागितलं तर त्याला दोष देऊ नका. मला यातली शेवटची सवलत फार आवडते, मागणं कोणासाठी आहे हे ती पाहते.

आज तुम्ही विचारायचं ते असं: अर्पण कोण मोजतं, किती जण मिळून? बँकेच्या व्यवहारावर किती सह्या लागतात? वर्षाचा हिशेब तपासून मंडळीपुढे वाचला जातो का? पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम एकट्याने नेली नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, कारण कोणालाही बोट दाखवायला जागा राहू नये असं त्याला वाटत होतं (२ करिंथ ८:२०-२१). हा प्रश्न विचारल्यावर "तुमचा विश्वास नाही का?" असं उत्तर आलं, तर उत्तर मिळालं असं समजा.

आणखी एक विचारा: या माणसाला "नाही" कोण म्हणू शकतं? अंत्युखियात पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर सुनावलं, आणि २ पेत्रात पौलाचा उल्लेख "आपला प्रिय बंधू" असाच येतो. ज्याच्याभोवती फक्त नातेवाईक आणि होयबा आहेत, जो घरच्यांशी, जुन्या मित्रांशी, दुसऱ्या मंडळ्यांशी संबंध तोडायला लावतो, तिथून वेळीच बाहेर पडा. अमेरिकेतला उपदेशक जिम जोन्स आपल्या अनुयायांना दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशात एका जंगलातल्या वस्तीत घेऊन गेला, आणि नोव्हेंबर १९७८ मध्ये तिथे ९०० पेक्षा जास्त माणसं मेली, त्यांत शेकडो मुलं होती. मंडळी सोडून गेलेल्यांशी बोला. ते सगळे "मागे फिरलेले" असतात असं सांगितलं जात असेल, तर नक्कीच बोला.

प्रार्थनेच्या नावाखाली कोणी बाईला किंवा मुलाला एकांतात बोलावत असेल, अंगाला हात लावत असेल, तर ते शिकवणीचं प्रकरण नाही, गुन्हा आहे. मंडळीच्या वडिलावरचा (पुढाऱ्यावरचा) आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय ऐकू नये, हा नियम (१ तीमथ्य ५:१९) पोलिसांकडे जाण्याआड येत नाही. त्याच्या पुढचीच ओवी पाप करणाऱ्या अशा पुढाऱ्यांना सर्वांदेखत दोष द्यायला सांगते.

बाकी बाबतींत, शंका आली की एकट्याने भेटायला जाऊ नका. शास्त्र जाणणारी एखादी प्रौढ व्यक्ती बरोबर घ्या, लिहिलेली वही न्या, शांतपणे विचारा, आणि उत्तर त्याच दिवशी लिहून ठेवा. बाहेर पडायचं ठरलं तर जाहीर भांडण न करता कारण सांगून पडा, आणि मागे राहिलेल्या मैत्रिणींना फोन करत राहा, त्यांच्या गुरूची टिंगल न करता. त्यांना परतायची वाट उघडी लागते. स्वतःसाठी नवी मंडळी शोधताना पहिले काही महिने कुठलीच जबाबदारी अंगावर घेऊ नका, मोठी देणगी देऊ नका, आणि रोज घरी मार्काचं शुभवर्तमान पहिल्या ओवीपासून स्वतः वाचायला घ्या.