उडती गाडी घ्यावी का? वही-पेन घेऊन स्वतः तपासा

गेल्या महिन्यात माझा भाचा मोबाइल घेऊन आला. "मावशी, बुकिंग सुरू झालंय. आगाऊ रक्कम भरून टाकू का?" पडद्यावर पंख मिटून रस्त्याला लागणारी गाडी होती. मी एकोणीस वर्षं हेलिकॉप्टरच्या देखभालीचं काम करते. तरी त्याला सरळ नाही म्हणायचं जिवावर आलं, कारण त्याच्या वयात मलाही हेच हवं होतं. मग आम्ही दोघं वही घेऊन बसलो. तेव्हा जे केलं ते इथे लिहितेय, तुम्हीही तसंच करून बघा.

"ती खरंच उडते का?" हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. उडते. मोल्टन टेलर यांची एरोकार 1949 साली उडाली आणि 1956 मध्ये तिला अमेरिकेत प्रमाणपत्रही मिळालं. तरी बनल्या मोजून सहा. स्लोव्हाकियाची एअरकार जून 2021 मध्ये नित्राहून ब्रातिस्लाव्हाला 35 मिनिटांत पोचली. 70 तासांच्या उड्डाण-चाचण्या झाल्यावर जानेवारी 2022 मध्ये तिलाही उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र मिळालं. प्रश्न आहे तो रोज सकाळी तिच्यात बसून कामाला जाता येईल का, हा.

जाहिरातीतली गाडी जागेवरून सरळ वर उठणारी असेल, तर पहिला हिशोब तिच्या ताकदीचा. भरलेल्या गाडीचं वजन किलोत घ्या, 9.81 ने गुणा. आलेल्या आकड्याला त्याच्याच वर्गमुळाने गुणा. आता सगळे पंखे फिरताना जी वर्तुळं आखतात त्यांचं मिळून क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढा, त्याला 2.45 ने गुणा आणि त्याचं वर्गमूळ घ्या. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की हवेत नुसतं तरंगत राहायला कमीत कमी किती वॅट लागतील ते कळतं. प्रत्यक्षात पंखे इतके चोख नसतात, म्हणून उत्तराला 0.7 ने भागा.

भाच्याने 1,000 किलोची गाडी आणि सव्वा मीटर व्यासाचे आठ पंखे धरले. क्षेत्रफळ जेमतेम 10 चौरस मीटर. उत्तर आलं सुमारे 280 किलोवॅट. साधी मोटार ताशी 100 किलोमीटरने एकसारखी धावताना 15-20 किलोवॅटवर भागवते. 300 किलोची बॅटरी, किलोमागे 200 वॅट-तास धरले, तर साठा 60 किलोवॅट-तासांचा. म्हणजे पूर्ण रिकामी होईपर्यंत तेरा मिनिटं. आणि रिकामी होईपर्यंत कोणी उडत नाही. दिवसा नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या हेलिकॉप्टरलासुद्धा अमेरिकी नियमांप्रमाणे 20 मिनिटांचं इंधन शिलकीत लागतं. पंख असलेलं यान पुढे जाऊ लागलं की ताकद बरीच कमी पुरते, हे खरं. पण उठताना आणि उतरताना हाच हिशोब पुन्हा समोर उभा राहतो.

आता तोच हिशोब रॉबिन्सन आर-22 या लहान हेलिकॉप्टरला लावा. वजन 622 किलो, रोटरचा म्हणजे डोक्यावरच्या फिरत्या पंख्याचा व्यास 7.67 मीटर. 0.7 ने भागण्याआधीचं उत्तर येतं फक्त 45 किलोवॅट. रोटर इतका ऐसपैस ठेवतात तो याचसाठी. तो आखडून पार्किंगच्या चौकोनात बसवला की ताकदीची मागणी लगेच चढते. शिवाय वारा. आमच्या त्या आठ पंख्यांतून हवा सेकंदाला 20 मीटर वेगाने खाली जाते आणि खाली जाता जाता हा वेग दुपटीकडे सरकतो, म्हणजे ताशी 144 किलोमीटरकडे. रोटरच्या वाऱ्यात बारीक खडी कशी उडते ते मी जवळून पाहिलंय. शाळेच्या दारात मुलांना सोडायला असं यान उतरलेलं मला चालणार नाही.

धावपट्टीवरून उडणाऱ्या गाडीला हा त्रास नाही. तिच्यासाठी वेळेचा तक्ता मांडा. घरापासून धावपट्टी 15 मिनिटं, उड्डाणापूर्वीची तपासणी 20, पंख उघडून इंजिन तपासून निघेपर्यंत 13, उतरल्यावर आवराआवर 10, पुढे रस्ता 15. एकूण 73 मिनिटं, अजून एक किलोमीटरही उडालेलो नाही. हवेत ताशी 170 आणि रस्त्यावर ताशी 60 धरले, तर साधारण 113 किलोमीटरच्या आत मोटारच आधी पोचते. भाच्याचं ऑफिस 40 किलोमीटरवर! पण 300 किलोमीटरला रस्त्याने पाच तास लागतात, उडून तीन. तिथे ही गाडी खरोखर कामाची आहे.

महिनाभर एक नोंद ठेवा: निघायच्या वेळी पाच किलोमीटरवरचं स्पष्ट दिसत होतं का, ढग किती खाली होते, वाऱ्याचे झोत होते का. परतायच्या वेळी पुन्हा तेच. दोन्ही वेळा हवामान उडण्याजोगं असेल तोच दिवस धरायचा. संध्याकाळी अडकलात तर गाडी रस्त्याने आणता येते, हा मात्र हिचा साध्या विमानापेक्षा मोठा फायदा.

माझी सगळ्यात मोठी काळजी वेगळीच आहे. एकदा आमच्या हँगरमध्ये सामानाची ढकलगाडी हेलिकॉप्टरच्या शेपटीला घासली. ओरखडा नखाएवढा. तरी आत काही दबलंय का हे तपासून कागदावर सही होईपर्यंत ते दोन दिवस जमिनीवरच होतं. मोटारीला असा धक्का पार्किंगमध्ये कोणीही देऊन जातं, मालकाला पत्ताही नसतो. खड्डे, पावसाचं पाणी, दिवसभराचं कंपन हे सगळं पंखांच्या बिजागऱ्यांपर्यंत पोचतं. 1973 मध्ये फोर्ड पिंटोला सेसना स्कायमास्टरचे पंख जोडून केलेल्या मिझार या उडत्या गाडीत पंखाचा आधारदांडा गाडीपासून सुटला आणि आत बसलेले हेन्री स्मोलिन्स्की आणि हॅरोल्ड ब्लेक दोघेही गेले. म्हणून गाडी आणि विमान जिथे एकमेकांना जोडलेले असतात, तिथे आधी टॉर्च मारा.

प्रशिक्षणही वहीत लिहा. खाजगी वैमानिकाच्या परवान्याला अमेरिकेत किमान 40 तास, युरोपात 45, आणि सराव सुटला की हात विसरतो.

परवाना आधीपासून असेल, दोनशे किलोमीटरच्या पुढे वरचेवर जाणं असेल आणि दोन्ही टोकांना धावपट्टी असेल, तर विचार करा. पैसे भरण्यापूर्वी कंपनीकडून देखभालीची पुस्तिका मागा. रस्त्यावर धक्का बसल्यावर कोणते भाग उघडून बघायचे आणि पुन्हा उडायची परवानगी कोणाच्या सहीने मिळते, हे त्यात शोधा. भाच्याने महिन्यापूर्वी ती मागितली. अजून आलेली नाही, त्यामुळे आगाऊ रक्कमही भरलेली नाही.