खंड पडला तरी काम सुटू नये म्हणून या चुका टाळा

कादंबरी पूर्ण करण्याचा, रोज रियाज करण्याचा किंवा चित्रांची मालिका काढण्याचा संकल्प मोडतो तो क्वचितच आळसामुळे. घरातले आजारपण, नोकरीतला बदल, लहान मूल किंवा घराचे स्थलांतर अशा एखाद्या कारणाने काम थांबते, आणि नंतर त्याच्याकडे परतणेच जमत नाही. अडचणी येणार हे सगळ्यांनाच ठाऊक असते, तरीही आखणी करताना आपण या वर्षी त्या आपल्या वाटेला जाणार नाहीत असे धरून चालतो. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका याच गृहीतातून होतात.

चांगल्या दिवसाच्या मापाने आखणी करणे

संकल्प करतो त्या दिवशी आपण सहसा उत्साही आणि मोकळे असतो, आणि त्याच भरात 'रोज दोन तास' असे वहीत लिहून टाकतो. कामाला लागणारा वेळ कमी धरण्याच्या या प्रवृत्तीकडे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये लक्ष वेधले होते. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत पूर्ण होईल असे विचारले असता सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवस आले, आणि प्रत्यक्षात ५५ हून अधिक दिवस लागले. मला त्यातली आणखी एक गोष्ट अधिक बोलकी वाटते: सगळेच बिनसले तर किती दिवस लागतील, या प्रश्नाचे सरासरी उत्तरही ४९ दिवसांच्या आसपासच होते. वाईटात वाईट काय होईल याची कल्पना करायला सांगूनही माणसाचा अंदाज वास्तवाच्या अलीकडेच थांबतो, त्यामुळे केवळ 'थोडी सवड धरून' आखणी केल्याने भागत नाही.

उपाय असा की कल्पनेऐवजी मागच्या चार आठवड्यांचा हिशेब पाहावा. त्यात खरोखर किती दिवस आणि किती मिनिटे मिळाली, तेवढाच आधार धरावा आणि दोन मापे ठरवावीत: एक बऱ्या दिवसाचे आणि एक वाईट दिवसाचे. वाईट दिवसाचे माप इतके लहान असावे की घरात कोणी तापाने फणफणत असतानाही ते पुरे करता यावे. चार ओळी, एक रेखाटन, एकाच पलट्याची पाच आवर्तने. हे लहान मापही दोन-तीन आठवडे सतत हुकत असेल, तर ते आणखी लहान करण्याआधी दिवसातली वेळ बदलून पाहावी, कारण अशा वेळी दोष बहुधा मापाचा नसून वेळेचा असतो.

हुकलेल्या दिवसांची उधारी साठवणे

एक दिवस हुकला की दुसऱ्या दिवशी दुप्पट काम करायचे, हा नियम शिस्तीचा दिसतो, पण संकल्पाला सर्वांत लवकर मारतो तोच. पाच दिवस हुकले की दहा तासांचे देणे डोक्यावर बसते आणि मग माणूस त्या वहीकडे पाहायचेच टाळू लागतो. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात ९६ जणांच्या नव्या सवयी बारा आठवडे पाहिल्या, तेव्हा एखादी संधी हुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडलेला दिसला नाही. सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यांक ६६ होता, मात्र व्यक्तिगणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एकवीस दिवसांत सवय लागते हे सर्वत्र ऐकू येणारे विधान त्यामुळे विसरलेलेच बरे. हुकलेला दिवस बुडीत खात्यात टाकावा आणि पुढच्या दिवशी त्या दिवसापुरतेच काम करावे.

काम थांबले तिथे खूण न ठेवणे

ही चूक सर्वांत कमी बोलली जाते, आणि माझ्या मते सर्वाधिक कामे हिच्यामुळेच अडतात. तीन आठवड्यांनी हस्तलिखित उघडले की पुढे काय लिहायचे होते ते आठवत नाही, म्हणून आपण पहिल्या पानापासून वाचू लागतो, वाचता वाचता पहिले प्रकरण सुधारत बसतो, आणि मिळालेला तासभर त्यातच संपतो. असे तीनदा झाले की पहिले प्रकरण लखलखीत होते आणि सातवे जिथल्या तिथे राहते. माझ्याकडे अशी दोन लखलखीत पहिली प्रकरणे आहेत.

सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवले की एका कामावरून दुसऱ्याकडे वळल्यावरही लक्षाचा काही अंश आधीच्या अपुऱ्या कामातच अडकून राहतो. काम सोडताना आपण कुठे आहोत आणि परतल्यावर काय करायचे आहे हे थोडक्यात नोंदवले तर ही अडकण कमी होते, असे त्यांच्या नंतरच्या संशोधनात आढळले. म्हणून उठण्यापूर्वीची शेवटची दोन मिनिटे नोंदीसाठी राखून ठेवावीत. लेखकाने पुढच्या प्रसंगात कोण येणार आणि त्याला काय हवे आहे हे दोन ओळींत लिहावे, आणि जमल्यास पुढचे वाक्य मुद्दाम अर्धे सोडावे. चित्रकाराने रंगांचे मिश्रण कोणत्या प्रमाणात केले ते कागदाच्या तुकड्यावर फटकारा मारून शेजारी लिहावे. गाणाऱ्याने कोणती तान कुठे अडते आणि कोणत्या लयीत अडते हे नोंदवावे, अथवा शेवटच्या पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून ठेवावे.

दीर्घ खंडानंतरच्या पहिल्या बैठकीत जुन्या कामाचे मूल्यमापन करू नये आणि त्या बैठकीकडून नव्या निर्मितीची अपेक्षाही ठेवू नये. टंकलेखन, कॅनव्हास ताणणे, वाद्य सुरात लावणे, फाइलींना नीट नावे देणे अशी हाताची कामे त्या दिवशी पुरेशी असतात.

मोठ्या सलग वेळेची वाट पाहणे

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करीत असत. पहाटे साडेपाचला ते टेबलाशी बसत, आदल्या दिवशीचा मजकूर अर्धा तास वाचत आणि मग समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहीत. त्यांना पहाटे उठवायला पगारी नोकर होता, ही गोष्ट मात्र हे उदाहरण देणारे सहसा गाळतात. बहिणाबाई चौधरींना असा राखीव वेळ नव्हता आणि लिहिताही येत नव्हते. घरकाम आणि शेतीकाम करता करता त्यांनी रचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि एका नातेवाइकाने टिपून ठेवली आणि ती पुस्तकरूपाने १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, आली.

तरीही प्रत्येक काम तुकड्यांत होते असे म्हणणे खोटे ठरेल. कथानकाची गुंतागुंत सोडवणे किंवा मोठी रचना बसवणे याला सलग वेळच लागतो. त्यामुळे कामाचे दोन ढीग करावेत, सलग लक्ष मागणारे आणि तुकड्यांत होणारे, आणि दुसऱ्या ढिगातली कामे दिवसातल्या एखाद्या ठरलेल्या घटनेला बांधावीत. 'वेळ मिळाला की लिहीन' यापेक्षा 'बाळ दुपारी झोपले की लगेच संवाद तपासीन' असे जर-तर स्वरूपात ठरवलेले बेत अधिक पार पडतात, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून वारंवार दिसले आहे.

घरच्यांना मोघम सांगणे

'मला थोडा वेळ हवा' या मागणीचे उत्तर कोणालाच देता येत नाही. 'मंगळवारी आणि शुक्रवारी नऊ ते साडेनऊ फोन तुम्ही घ्या' ही मागणी मान्य तरी होते किंवा नाकारली तरी जाते, आणि नकार मिळाला तर दुसरी वेळ शोधता येते.

थकव्याला आळस समजणे

जवळच्या माणसाचा मृत्यू, दीर्घ आजार किंवा बाळंतपण अशा काळात लहानात लहान मापही क्रूर ठरू शकते. तेव्हा काम रोज टाळत राहण्यापेक्षा ते ठरवून, तारखेसह थांबवावे. 'अमुक तारखेपर्यंत मी हे करणार नाही' असे वहीत लिहिले की रोजची अपराधी भावना निघून जाते आणि काम सुटले की थांबले आहे, हा संभ्रमही राहत नाही. ती तारीख आली आणि परिस्थिती तशीच असली तर तारीख खुशाल पुढे ढकलावी. मात्र ढकलण्यापूर्वी वही उघडून शेवटची नोंद वाचावी, आणि तिच्याखालीच नवी तारीख लिहावी.