सुपरचार्जर असलेल्या गाडीसाठी एअर फिल्टरची तुलना कशी करावी

फिल्टर बदलल्याने गाडीची ताकद खरोखर वाढते का, हे खोक्यावर छापलेल्या अश्वशक्तीच्या आकड्यावरून कळत नाही. ते आपल्याच गाडीवर मोजावे लागते. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप, असलेल्या गाडीत तर हे अधिकच आवश्यक ठरते, कारण सुपरचार्जरच्या तोंडाशी झालेली दाबातील घट पलीकडे जाताना वाढत जाते. सुपरचार्जर हवेचा दाब दीडपट करत असेल, तर अलीकडे गमावलेले 2 किलोपास्कल इंजिनापर्यंत पोहोचेतो साधारण 3 किलोपास्कल झालेले असतात.

सुरुवात जुन्याच फिल्टरपासून करावी. पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवून फळीवर पक्की बांधावी, तिच्यात रंगीत पाणी निम्म्यापर्यंत भरावे, एक टोक फिल्टरनंतरच्या पाइपला जोडावे आणि दुसरे मोकळे सोडावे. ही जोडणी थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या, आधीच हवी. बऱ्याच गाड्यांत थ्रॉटल सुपरचार्जरच्या अलीकडे असतो. त्याच्या पुढे नळी जोडली, तर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच निर्माण होणारी पोकळी ते पाणी थेट आत ओढून घेईल. तरीही खबरदारी म्हणून मध्ये एक रिकामी, हवाबंद, टणक बाटली जोडावी. पूर्ण थ्रॉटलवर नळीच्या दोन बाजूंच्या पातळीत 100 मिलिमीटरचा फरक पडला, तर दाबातील घट सुमारे 1 किलोपास्कल आहे असे समजावे. ही चाचणी डायनोवरच (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच) करावी, सार्वजनिक रस्त्यावर नव्हे.

यानंतर तसेच मोजमाप फिल्टरच्या अलीकडे, तो ज्या डब्यात बसतो त्याच्या धुळीकडील भागात घ्यावे. दोन आकड्यांतील फरक म्हणजे फिल्टरचा स्वतःचा अडथळा. तो किरकोळ असून बहुतेक घट डब्याच्या अरुंद तोंडातच होत असेल, तर कितीही महाग फिल्टर घेतला तरी पैसे वायाच जातील. आधी ते तोंड पाहावे.

फिल्टरच बदलायचा असेल, तर कागद, तेल लावलेली सुती जाळी, फोम आणि कोरडे कृत्रिम तंतू या प्रकारांच्या नावांपेक्षा घड्यांचे एकूण क्षेत्रफळ महत्त्वाचे. 60 घड्या, प्रत्येकी 3 सेंटिमीटर खोल आणि 20 सेंटिमीटर लांब असतील, तर दोन्ही बाजू धरून 7200 चौरस सेंटिमीटर भरतात. 2 लिटरचे इंजिन मिनिटाला 6000 फेऱ्यांवर, दीडपट दाबाने, ढोबळमानाने मिनिटाला 9000 लिटर हवा घेते. म्हणजे या फिल्टरमधून हवा सेकंदाला साधारण 21 सेंटिमीटर वेगाने जाईल. क्षेत्रफळ वाढले की हा वेग आणि त्याबरोबर अडथळाही कमी होतो. शिवाय धूळ साठवायलाही जास्त जागा मिळते.

धूळ किती अडते, हे ‘आयएसओ 5011’ या चाचणीच्या अहवालात पाहावे. त्यात अडथळा, गाळण्याची क्षमता आणि धूळ सामावण्याची क्षमता या तिन्ही गोष्टी मोजलेल्या असतात. जो उत्पादक यांपैकी फक्त पहिला आकडा देतो, त्याच्याकडे मी संशयानेच पाहतो. सुपरचार्जरचे रोटर एकमेकांपासून अगदी बारीक अंतरावर फिरतात आणि त्यांना बारीक वाळूही सोसत नाही. तेलाचा फिल्टर निवडल्यास तेल बेतानेच लावावे, नाहीतर ते हवामापक सेन्सरच्या तारेवर बसून चुकीचा आकडा दाखवते.

प्रत्यक्ष तुलना जुना, नवा आणि पुन्हा जुना या क्रमाने, प्रत्येकी किमान तीन फेऱ्या घेऊन करावी. दोन्ही वेळचे जुन्याचे आकडे आपसात जुळत नसतील, तर नव्याच्या आकड्यालाही अर्थ नाही. गिअर, इंधन आणि पंख्याची जागा तीच ठेवावी, फेऱ्यांमध्ये सुपरचार्जर थंड होऊ द्यावा आणि बोनेट बंद ठेवावे. उघड्या बोनेटखाली मोकळा शंकूच्या आकाराचा फिल्टर थंड हवा घेतो, रस्त्यावर मात्र तोच इंजिनाची गरम हवा ओढतो. स्कॅनरवर आत येणाऱ्या हवेचे तापमान, बूस्ट (सुपरचार्जरने वाढवलेला दाब) आणि प्रज्वलनाची वेळ नोंदवावी. तापमान 10 अंशांनी वाढले, की हवेची घनता 3 टक्क्यांहून अधिक घटते, आणि फिल्टरने मिळवून दिलेले तिथेच संपू शकते. मोकळ्या फिल्टरमुळे सुपरचार्जरची शिट्टी मोठी ऐकू येते आणि गाडी वेगवान झाल्यासारखी वाटते; कानाची ही साक्ष ग्राह्य धरू नये.

शेवटी, काही आठवड्यांनी फिल्टरच्या पलीकडच्या पाइपमध्ये पांढरे फडके फिरवावे. त्यावर करडा पट्टा उमटला, तर रबरी कड नीट बसली आहे का ते प्रथम तपासावे. ती नीट असेल, तर तो फिल्टर काढून जुनाच परत बसवावा.